सोलापूरचा काल्पनिक लोकल नकाशा काढतेय, पूर्व भागात येऊन अडलेय

होटगी_लोकल

नमस्कार. मी जुळे सोलापूरची, आर्किटेक्चर तिसरं वर्ष. हे कॉलेजचं सबमिशन नाही, निव्वळ खाज आहे. सोलापूरला मुंबईसारखी लोकल असती तर डब्याच्या दारावर चिकटवलेला नकाशा कसा असता, तो इंकस्केपमध्ये काढत बसलेय. जगभर लोक आपापल्या गावाच्या न झालेल्या मेट्रो काढतात. सोलापूरची मला कुठं दिसली नाही, म्हटलं आपणच काढू.

चित्र जोडलंय. लाल लाइन सगळ्यात सोपी: पाकणी, बाळे, सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी. रूळ आहेतच, मी फक्त मध्ये दमाणी नगर आणि आसरा असे दोन थांबे घुसवले. हिरवी लाइन तुळजापूरची. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा मार्ग खराखुरा होतोय, म्हणून ती तुटक रेघेत दाखवली. निळी माझी लाडकी, बार्शी लाइट, म्हणजे जिल्ह्यातली जुनी अरुंद रुळांची रेल्वे. कुर्डुवाडी-पंढरपूरची ती छोटी गाडी मी पाहिली नाही, पण तिचे फोटो बघून इतकं वाटलं की तिला थेट बाळीवेशीपर्यंत आणून सोडलं. आणि जांभळी रिंग, सिद्धरामेश्वरांच्या ६८ लिंगांवरून जाणारी.

आता रडगाणं. मधलं गाव नुसतं कोंबलंय. नवी पेठ, पार्क चौक, चार हुतात्मा चौक, बाळीवेस, सगळी नावं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि तिकडं केगावला विद्यापीठ एकटंच लोंबतंय. सिद्धेश्वर तलाव कसा दाखवायचा कळत नाही. देवनागरी नावं तिरकी लावली की वाचवत नाहीत. आणि सगळ्यात मोठा घोळ, अशोक चौकाच्या पुढं कागद कोराच. पूर्व भागात रूळ नाहीतच, त्यामुळं कशाला धरून लाइन काढायची? अक्कलकोट रोडवरून सरळ रेघ मारून बघितली, तर जागा भरायला मारल्यासारखी दिसते.

काय चुकतंय ते सांगा. कौतुक नको, घरी भरपूर झालंय.

बाळीवेस_कट्टा

एक नंबर काम आहे, पण जांभळी लाइन काढून टाक बे. ६८ थांब्यांची रिंग म्हणजे गाडी सुटेल, पोचायची नाही.

चेष्टा सोड, खरी अडचण वेगळी आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत १३ जानेवारीला मानाचे सातही नंदीध्वज ६८ लिंगांना निघतात, आणि ज्या गल्ल्यांतून ते जातात त्यातल्या बऱ्याच गल्ल्यांवरून तू रेघ नेलीस. नंदीध्वज किती उंच असतो ते गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या कुणालाही विचार. त्या रस्त्यावर तू पिलरवरची मेट्रो उभी केलीस तर ध्वज पुलाखालून आडवा करून न्यायचा काय? गावात दंगा होईल. एक तर गावठाणात गाडी जमिनीखालनं ने, नाही तर वेशीबाहेर थांबव आणि लोकांना चालू दे. आमच्याकडं चालतातच.

ग्राफपेपर

वय झालंय, लांबलचक लिहिणार. माफ कर.

माझं आयुष्य चादरीच्या डिझाइनमध्ये गेलं. आधी ग्राफवर नक्षी भरायची, तिच्यावरून पंचिंग करून घ्यायचं, कार्डं शिवून साखळी केली की ती जॅकार्डवर चढायची. ग्राफच्या घरांत तिरकी रेघ नसते, पायऱ्या असतात. पंचेचाळीस अंशांची रेघ म्हणजे एक घर पुढं, एक घर वर, मागावरून उतरली की डोळ्याला सरळ दिसते. तीस अंशांची काढून बघ. दोन घरं, मग एक, मग परत दोन, दोन, एक. कापडावर दात दिसतात. तुझ्या निळ्या लाइनला मोजून बघ किती कोन आहेत. रस्त्याची वळणं जशीच्या तशी उचललीस म्हणून ती खरी वाटत नाही, नुसती थरथरलेली वाटते. आडवी, उभी, पंचेचाळीस. यापलीकडं जायचं असेल तर कारण पाहिजे.

लंडनच्या हॅरी बेकचं नाव तुला शिकवलं असेलच. सिग्नल ऑफिसातला ड्राफ्ट्समन. १९३१ मध्ये त्यानं नकाशा नेऊन दाखवला तर साहेबांनी परत केला, १९३३ मध्ये छापला आणि लोकांनी उचलला. सगळे त्याच्या सरळ रेघांचं कौतुक करतात. मला वाटतं खरी अक्कल दुसरीकडं आहे. त्यानं मधलं गाव फुगवलं आणि बाहेरची उपनगरं आखडली. गाडीत बसलेल्या माणसाला पुढचं स्टेशन किती मैलांवर आहे याच्याशी देणंघेणं नसतं, किती स्टेशनांनी उतरायचं आणि कुठं गाडी बदलायची एवढंच त्याला पाहिजे. तेव्हा तुझं केगाव बिनधास्त आत ओढ. नवी पेठ आणि बाळीवेस यांच्यात तळहाताएवढी जागा सोड. केगाववाले काही फूटपट्टी घेऊन येत नाहीत.

पण एक गोष्ट जागेवर ठेवायची, तलाव. बेकनं जमिनीवरचं सगळं पुसलं, थेम्स तेवढी ठेवली, कारण तिच्यावरून माणूस दिशा ओळखतो. न्यूयॉर्कमध्ये मासिमो विन्येलीनं १९७२ मध्ये असाच देखणा नकाशा केला. त्यात लांबुळकं सेंट्रल पार्क चौकोनी झालं आणि पाणी निळ्याऐवजी बदामी. लोक इतके वैतागले की १९७९ मध्ये तो बदलला. आपल्याकडं तर मधोमध सिद्धेश्वर आहे आणि शेजारी भुईकोट. सोलापूरकर रंगाची चूक पोटात घालेल, देऊळ आणि किल्ला इकडचे तिकडं केलेस तर विचारू नको.

हे सगळं हातसफाईचं झालं. तुझा नकाशा खोटा वाटतो त्याचं कारण निराळं आहे. काल्पनिक नकाशात थाप एकच मारायची असते. एक ठरवायची आणि मग बाकी सगळं तिच्याशी इमानानं वागवायचं. तू चार थापा एका कागदावर मारल्यास.

निळी लाइन घे. बार्शी लाइट सोलापूर शहरात कधी आलीच नाही. एव्हरर्ड कॅलथ्रॉपनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. कुर्डुवाडी स्टेशनाचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. रेल्वेच्या नावात रोड आला की समजायचं, इथं उतरा आणि पुढं आपापलं बघा. नंतर ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. ७६२ मिलिमीटरचा रूळ, आणि कॅलथ्रॉपची शिस्त अशी की इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. त्यामुळं हलके रूळ चालायचे, वळणं आखूड घेता यायची. होटगीकडनं विजापूर-गदगला जाणारी मीटर गेज, तिचा रूळ १००० चा. आणि मुंबई-मद्रासची मोठी लाइन १६७६ ची. एकाच जिल्ह्यात तीन मापं नांदली, आता सगळी ब्रॉड झाली. तू वेगवेगळ्या मापांच्या गाड्या एका फलाटावर आणल्यास आणि वर गोल करून बदल स्थानक लिहिलंस. १९३० च्या सालातली गाडी आणि २०३० ची मेट्रो एकाच जिन्यानं चढतात. ते डोळ्याला खुपतं, बघणाऱ्याला का खुपतं ते सांगता येत नाही एवढंच.

तेव्हा निवड. एक थाप अशी: आहे त्या ब्रॉड गेजवर रेल्वेनं लोकल सोडली. मग फक्त लाल लाइन आणि पुढं जमलं तर हिरवी. प्रामाणिक आहे, पण तुझा कागद अर्धा रिकामा राहील. दुसरी थाप: सगळी नवी मेट्रो. २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं. एवढ्या गावाला मोठी मेट्रो शोभत नाही. केंद्राच्या कागदांत लहान शहरांसाठी मेट्रोलाइट आणि मेट्रोनिओ असे दोन हलके प्रकार आहेत, निओ म्हणजे रबरी टायरवर चालणारी आणि वर विजेची तार. ती तार बाळीवेशीतल्या भावांना चालेल का ते त्यांनाच विचार.

तिसरी थाप माझ्या मनातली आहे. कॅलथ्रॉपची छोटी गाडी त्या काळात खरंच गावात आली असती तर कशासाठी आली असती? गिरण्यांसाठी. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम मिल. पाळी सुटायची तेव्हा भोंगा व्हायचा आणि अख्खा रस्ता माणसांनी भरायचा. त्या नकाशात स्टेशनांना चौकांची नावं नसती, गिरण्यांची असती, आणि वेळापत्रक भोंग्याला बांधलेलं असतं. गिरण्या बंद पडल्यावर लाइनचं काय झालं, हेही मग तुला ठरवावं लागेल. कुठला थांबा पुसट करायचा, कुठल्या मिलच्या जागी काय आलं. मला विचारशील तर मी हाच काढला असता. पण मी म्हातारा, मला गेलेल्याचंच कौतुक.

कुंभारी_स्टॉप

काकांचं पटलं, पण गिरण्यांचा नकाशा काढला की परत पूर्व भागातल्या बाया राहिल्याच की.

मी गोदूताईत वाढले. विडी कामगारांची ती दहा हजार घरं, कुंभारीत. शेजारी रे नगर झालंय, तिथं तीस हजारांची योजना, पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. म्हणजे एक छोटं शहर तिथं उभं राहिलंय. तुझ्या कागदावर तिथं तू रंगांची सूची छापलीस. बघ एकदा, खाली उजवीकडं.

तू विचारलंस कशाला धरून लाइन काढायची. माझ्या आईला धर. ती घरात विड्या वळते. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, पंचवीसचा कट्टा. मजुरी हजारावर. मग पिशवी घेऊन कारखान्यात जायचं, विड्या द्यायच्या, तिथं छाट निघते, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढतात, ती सोसायची, पुढचं पान-तंबाखू घेऊन परत यायचं. हा रोजचा प्रवास. सकाळी नऊला ऑफिसला आणि सहाला घरी, असला नाही. अध्येमध्ये कधीही, कडेवर पोर, हातात ओलं पान असलेली पिशवी, आणि घाई अशी की घरी भाकरी व्हायची असते. शिवाय सिव्हिलला जायचं असतं, बाजार असतो, पोरांची शाळा.

तुझ्या सगळ्या लाइनी स्टेशनावर येऊन मिळतात. आम्हाला स्टेशनावर काय काम? आम्ही परगावी क्वचित जातो. आम्हाला अशोक चौक पाहिजे, कन्ना चौक पाहिजे, सिव्हिल पाहिजे. तेव्हा रूळ कुठं आहेत ते बघू नको. अशोक चौकात उभी राहा आणि शेअर रिक्षा कुठल्या नावानं ओरडून भरतात ते ऐक. रिक्षावाला तोट्याची लाइन चालवत नाही.

एक फाटा कुंभारीहून अक्कलकोट रोडनं, दुसरा विडी घरकुलाहून हैदराबाद रोडनं, दोन्ही अशोक चौकाशी जोड आणि तिथून एकच जाड रेघ गावात आण. जागा भरल्यासारखी नाही दिसायची मग.

होटगी_लोकल

रंगांची सूची. खरंच की. ती आधी हलवली, मग जेवले.

काका, थाप ठरली. तुमची तिसरी मोहात पाडते, पण ती मी वेगळी काढीन, तुम्ही गिरण्यांची नावं तपासून देणार असाल तर. आत्ताचा नकाशा हा आजच्या सोलापूरचा, एकच थाप: हलकी मेट्रो झाली. निळी बार्शी लाइट गेली. काढताना जीव तुटला. जांभळी रिंगही गेली, पण ६८ लिंगांचा मार्ग पार्श्वभूमीत अगदी फिकट ठेवतेय आणि जिथं लाइन त्याला आडवी जाते तिथं गाडी जमिनीखाली. म्हणजे नंदीध्वजांमुळं कुठली लाइन वर आणि कुठली खाली हे ठरतंय. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

मुख्य लाइन आता कुंभारीची. तिला सगळ्यात जाड रेघ. लाल दुय्यम.

एक शंका. लाल लाइन होटगीच्या पुढं वाढवली तर तिलाटी आणि मग अक्कलकोट रोड स्टेशन येतं. आणि पूर्व भागात अक्कलकोट रोड नावाचा रस्ता आहे, एमआयडीसी आहे. दोन्ही एकाच कागदावर आले तर स्वामींच्या दर्शनाला निघालेला माणूस एमआयडीसीत उतरेल.

ग्राफपेपर

तर मग होटगीलाच थांब. तिलाटीपर्यंत लोकल नेण्याची हौस कुणाची? तुझी. प्रवाशाची नाही. आणि पूर्वेकडच्या थांब्याला नुसतं एमआयडीसी म्हणू नको, चिंचोळीलाही एमआयडीसी आहे. तिथं एखादी जवळची खूण धर.

अजून एक राहिलं. आमच्या धंद्यात ग्राफ कापडाप्रमाणं निवडावा लागतो. इंचात ताण्याचे उभे धागे किती आणि बाण्याचे आडवे किती हे सारखं नसतं, म्हणून चौकोनी घरांवर काढलेला गोल मोर कापडावर अंड्यासारखा येतो. तुझा नकाशा शेवटी कुठं बघितला जाणार? सगळे फोनवर उभा धरून बघणार. तू आडवा काढलास. कागदाचं माप आधी ठरव, रेघा मग. कुंभारीपासून केगावपर्यंत गाव आडवं पसरलंय हे मला माहीत आहे, पण उभ्यात बसव. पंचेचाळीसच्या रेघा त्यासाठीच आहेत.

वेलांटी

मूळची सोलापूरची, आता पुण्यात अक्षरांच्या धंद्यात. नावांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

देवनागरी नाव आडव्या लाइनला चिकटवून लिहिलंस की शिरोरेषा दुसऱ्या रुळासारखी दिसते. तुझ्या चित्रात 'टिकेकरवाडी' बघ, लाल रेघेच्या खाली अजून एक काळी रेघ धावतेय. इंग्रजी नकाशांची अंतरं जशीच्या तशी उचलली की हे होतं. नाव लाइनपासून चांगलं लांब ठेव, वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते. तिरकं लावू नकोस. शिरोरेषा तिरकी झाली की डोळा घसरतो. शक्यतो लाइन उभी किंवा तिरकी ने आणि नाव आडवं, शेजारी. काकांनी उभा कागद सांगितलाय त्यात हे आपोआप जमेल.

फाँटमध्ये मराठी ल आणि श बहुतेक वेळा दडलेले असतात, समोर हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी अशी लावलीस की नोटो सान्स देवनागरीमध्ये आपले येतात. सोलापूर म्हणजे तेलुगू आणि कन्नडही आलं, उर्दूही. नोटोमध्ये सगळ्या लिप्या आहेत, पण प्रत्येक थांब्याला चार लिप्या लावशील तर पहिलं कोंबणं परवडलं म्हणशील. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा लान्स वायमननं प्रत्येक स्टेशनाला एक चित्रखूण दिली, वाचता न येणाऱ्यालाही उतरता यावं म्हणून. तसं कर. मार्केट यार्डला कांदा, बाळीवेशीला कमान, कंबर तलावाला पक्षी. कुंभारीला काय ते कुंभारी_स्टॉपनं ठरवावं. आपण ठरवू नये.

लाल आणि हिरवा शेजारी नको, कितीतरी पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. लाइनींना आकडेही दे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून गिरवलं असशील तर कोपऱ्यात त्यांचं श्रेय लिहावं लागतं. आणि 'काल्पनिक' हा शब्द बारीक अक्षरांत नको, शीर्षकातच घाल, कापता येणार नाही असा. हा नकाशा व्हॉट्सॲपवर गेला की आठवड्यात मंजूर झालेला असेल, आणि प्लॉटवाले तो जाहिरातीत छापून स्टेशनपासून पाच मिनिटं म्हणून विकतील.

बाळीवेस_कट्टा

मी तर आत्ताच फॅमिली ग्रुपवर टाकला. मामा विचारतोय टेंडर कधी निघणार.

होटगी_लोकल

काढा तो लगेच! नवीन येईपर्यंत थांबा.

@कुंभारी_स्टॉप, चित्रखूण काय ठेवू? मी विडीचा कट्टा काढणार होते, पण वेलांटीताईंचं वाचून थांबले. आणि थांब्याचं नाव कुंभारी, गोदूताई की रे नगर?

कुंभारी_स्टॉप

आईला विचारलं. म्हणाली विडी नको, रात्रंदिवस तेच बघतो, गाडीतपण तेच कशाला. कात्री काढ म्हणते. माझ्या डोक्यात पाण्याची टाकी होती, पण आईचं चालू दे.

नाव एक नाही, दोन थांबे कर. रे नगर वेगळं, गोदूताई वेगळं. दोन्हीकडची माणसं एका थांब्यावर मावायची नाहीत. कुंभारी गाव त्याच्या पुढं, त्याला त्याचं नाव राहू दे, गाववाले आधीच म्हणतात आम्ही त्यांचं नाव घेतलं. आणि पहिली गाडी पहाटेची ठेव, मार्केट यार्डाला जाणाऱ्या भाजीवाल्यांसाठी. वेळापत्रक काढणार आहेस ना?